फक्त पीठ आणि पाणी

शनिवार, १ ऑक्टोबर

प्रिय दादा,

आधी एक दुरुस्ती. तू मला लहानपणापासून वकीलबाई म्हणतोस ते उगाच नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की नव्या फादरांनी मधाचा डबा पुढे केला तेव्हा मी मान ताठ करून ‘नाही’ म्हणाले. तसं झालं नाही. मी ‘बरं’ म्हणाले. मान ताठ नव्हती, खाली होती. डबा हातात घेताना ‘थँक्यू फादर’ असंही म्हणाले.

तू ते पत्र चर्च सोडून गेलेल्या तुमच्या मंडळींच्या गॅरेजवरच्या हॉलमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलंस, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि एका मावशींनी माझ्या धैर्याबद्दल बक्षीस म्हणून जपमाळ पाठवली, हे तुझ्या उत्तरात वाचलं तेव्हा मला घाम फुटला. माळ सुरेख आहे. मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवली आहे. जपायची हिंमत होत नाही आणि परत पाठवायची तर कारण लिहावं लागेल. म्हणून कारण तुला लिहिते.

तुला पाठ असलेलीच गोष्ट पुन्हा मांडते, कारण मी काय मोडलं ते सांगायचं तर आधी अख्खं काय होतं ते सांगायला हवं. चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेत वेदीवर जी भाकर ख्रिस्ताचं शरीर होते, ती चाळीस वर्षं आपल्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत भाजली जाते. गव्हाचं पीठ आणि पाणी. तिसरं काही नाही, मीठसुद्धा नाही. पातळ कालवायचं, कापडातून गाळायचं, लोखंडी साच्याच्या दोन तव्यांमध्ये ओतून दाबायचं, दोन ‘नमो मारिया’ प्रार्थना म्हणून होईपर्यंत थांबायचं, उघडायचं. कागदासारखा पापुद्रा निघतो, त्यावर क्रूस उमटलेला. रात्रभर ओलसर कपाटात ठेवून तो मऊ करायचा आणि सकाळी गोल चकत्या पाडायच्या. तू साचा दाबायचास, मी चकत्या मोजायचे. कात्रणं गल्लीतली पोरं खायची आणि त्यातली अर्धी तू.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नवे फादर (चार वर्षं झाली तरी गल्ली त्यांना नवेच म्हणते) आपल्या घरी आले. तुझं आणि त्यांचं जे झालं ते झालं, पण ते आले की घरात उजेड पडल्यासारखा होतो, हे मला कबूल करायलाच हवं. आईला हसवतात. त्या दिवशी साच्यापाशी उभे राहून म्हणाले, “पोरं तोंड वाकडं करतात गं. म्हणतात, पुठ्ठा खाल्ल्यासारखं वाटतं. थोडा मध घाल ना.”

मी म्हटलं, “फादर, पण फक्त पीठ आणि पाणी...”

“अगं, शेवटी ही एक खूण आहे. प्रेमाची खूण. ती गोड असली तर बिघडलं कुठे?” मग अगदी मायेने म्हणाले, “आणि तुम्हाला जड जात असेल तर राहू दे, तयार पाकिटं मागवू. बाबांनाही आता आराम हवाच की.”

माझ्या डोळ्यांसमोर चादर टाकलेला साचा आला आणि त्याच्या शेजारी खुर्चीवर बसलेले बाबा. त्यांचा उजवा हात आता थरथरतो, हे तुला माहीत नाही. वर्षभर मीच भाजते. ते खुर्चीवर बसून नुसते बघतात आणि तेवढ्यावर त्यांचा दिवस सरतो. म्हणून ‘बरं’.

बाबांना सांगितलेलं नाही. ते दुपारी पडतात तेव्हा मी मध घालते. चार आठवडे झाले.

हॉलमधल्या लोकांना हेही पत्र वाचून दाखव. निदान मावशींना तरी.

तुझी,
वकीलबाई

ता. क. पहिल्या आठवड्यात दोन किलो पिठाला तीन चमचे घातले होते. चव कळत नाही असं फादर म्हणाले, म्हणून पुढे अर्धी वाटी. मी वर ‘थोडा’ लिहिलं आहे ते त्यांचं वाक्य म्हणून. माझं माप म्हणून ते धरू नकोस.


शुक्रवार, ७ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी, त्यातल्या तीन लाल शाईने अधोरेखित. “निघ तिथून. जिथले मेंढपाळच वाट चुकलेत तिथे थांबणं हेच पाप. आमच्याकडे ये.” चौथी ओळ अधोरेखित नव्हती: “बाबांचा हात कधीपासून?” उत्तर देण्याजोगी तीच वाटली. गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून. डॉक्टर म्हणतात, वाढणार नाही, पण जाणारही नाही.

आता बाकीच्या तीन ओळी.

फादर चुकतात, हे मला तुझ्याकडून समजून घ्यायची गरज नाही. गेल्या रविवारी प्रवचनात ते सगळ्यांसमोर म्हणाले, “वेदीवर नेमकं काय घडतं यात अडकू नका. ते एक चिन्ह आहे, आपल्या मैत्रीचं. ज्याला जे वाटतं ते त्याच्यासाठी खरं.” मिस्सा संपल्यावर माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली दातपडकी धावत आली. तिचे पुढचे दोन्ही दात एकाच आठवड्यात पडलेत, त्यामुळे ती बोलते कमी आणि फुंकर जास्त मारते. म्हणाली, “ताई, तुम्ही सांगितलंत ते खरंखरं येशूचं शरीर असतं. फादर म्हणतात चिन्ह. मग आता पाठ काय करायचं?”

नऊ मुलं आहेत, दादा. येत्या तेवीस तारखेला, रविवारी आठच्या मिस्सेत, ती पहिल्यांदा ख्रिस्तशरीर घेणार. मी त्यांना वर्षभर शिकवलं, जसं बाबांनी मला शिकवलं तसं. तू शाळेत जायचास, तुला फारसं आठवणार नाही. मी शाळेच्या फाटकापाशी रडून गोंधळ घालायचे म्हणून अकराव्या वर्षापर्यंत घरीच होते. आईकडे गणित आणि शुद्धलेखन, बाबांकडे साच्याजवळ धर्म. साचा दाबला की प्रश्न विचारायचे, साचा उघडायच्या आत उत्तर आलं पाहिजे. भाकर ती राहते का? नाही. मग काय राहतं? रूप आणि चव. कोण असतो तिथे? तो स्वतः. किती? पूर्ण. तुकडा पाडला तर? तरी पूर्ण. माझं उत्तर लांबलं की पापुद्रा करपायचा, आणि करपलेला पापुद्रा मलाच खावा लागायचा. माझा विश्वास मी असा चावून चावून खाल्लेला आहे. तो मी तुझ्या हॉलमध्ये आणू शकते, पण त्या नऊ मुलांना कुठे आणू?

दातपडकीला मी म्हटलं, “मी सांगितलं तेच पाठ कर.” तिने विचारलं, “मग तुम्ही फादरांना सांगा ना, त्यांचं चुकलंय.” मी म्हटलं, “बघू.” नऊ वर्षांच्या मुलीला ‘बघू’ म्हणजे काय ते बरोबर कळतं.

म्हणून मंगळवारी बिशपांच्या कार्यालयात गेले. दीड तास बस. बिशप नव्हते, सेक्रेटरी होते. काचेचं टेबल, इस्त्री केलेला माणूस. म्हणाले, “तुमचा मुद्दा भावनिक आहे की कायदेशीर?”

मी म्हटलं, “पिठाचा आहे.”

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, “थोड्या मधाने आभाळ कोसळणार आहे का? बिशपसाहेबांचं धोरण आहे, स्थानिक पातळीवर मोकळीक द्यायची. आणि प्रवचनाचं म्हणाल तर आजकाल भाषा बदलते आहे.” तरी माझ्या समाधानासाठी त्यांनी जाडजूड वही काढली आणि तक्रार नोंदवली. वही माझ्याकडून उलटी दिसत होती, पण वाचता आली. विषयाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: ‘खाद्यपदार्थ’.

तू आता हसत असशील आणि म्हणत असशील, बघ, सांगत नव्हतो? पण पुढचंही ऐक. मी दारापर्यंत पोचले तोच बाराची घंटा झाली. सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं, उभे राहिले, आणि देवदूताच्या निरोपाची प्रार्थना पूर्ण म्हणाले, एकही ओळ न गाळता. मीही दारातच उभी राहून म्हटली. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. त्या माणसाला तुझ्या यादीत कुठे बसवायचं ते मला कळत नाही.

तू तीन वर्षांपूर्वी नव्या फादरांचं प्रवचन चालू असताना उठलास, दार आपटलंस आणि गेलास. तू जे बोललास त्यातलं बरंचसं खरं होतं. पण तुझी बाकावरची जागा अजून रिकामी आहे. खांबाजवळची. तिथे कोणी बसत नाही, कारण आई पर्स ठेवते.

तुझी,
वकीलबाई

ता. क. मी बसचा वेळ दीड तास लिहिला. जाताना दीड, येताना पावणेदोन.


बुधवार, १२ ऑक्टोबर

प्रिय दादा,

काल थोरल्या फादरांकडे पापनिवेदन केलं. ते निवृत्त झाले असले तरी चर्चमागच्या खोलीत राहतात आणि ज्यांना हवं त्यांचं पापनिवेदन ऐकतात. कान मंद झाल्यामुळे आपल्यालाच मोठ्याने बोलावं लागतं, म्हणून चर्चची घंटा वाजवणारे घंटीकाका बिचारे तेवढा वेळ बाहेर जाऊन झाडांना पाणी घालतात. झाडं कुजत चालली आहेत. (त्यातली निदान दोन माझ्यामुळे.)

मी काय बोलले ते तुला सांगायला मी मोकळी आहे ना, हे मी त्यांना विचारून घेतलं. म्हणाले, “सांग, सगळ्या गल्लीने ऐकलंच आहे.”

मी म्हटलं, मी वेदीच्या भाकरीत मध घातला. गेले पाच आठवडे लोकांना काय मिळालं, ख्रिस्त मिळाला की बिस्कीट, हे मला माहीत नाही, आणि ते सगळं माझ्या डोक्यावर आहे.

“किती घातलास?”

“दोन किलोला अर्धी वाटी.”

त्यांनी बोटांवर हिशेब केला. “मग ती अजून भाकरच आहे. डबाभर घातला असतास तर केक झाला असता आणि मीही घाबरलो असतो. घालायला नको होता, ते पाप. पण प्रभू काही एवढा नाजूक नाही की चमचाभर मधाने पळून जाईल. आणि तूही एवढी मोठी नाहीस की त्याच्या भाकरीत काय असावं ते ठरवावंस. फादरही नाहीत. मीही नाही. कळलं?”

“कळलं. पण फादरांनी सांगितलं असताना मी ऐकायचं नाही म्हणजे—”

“ते तुला साचा दाबायला सांगतील तेव्हा दाब. घंटा वाजवायला सांगतील तेव्हा वाजव. त्यांच्यापेक्षा जुनं काही मोडायला सांगतील तेव्हा ‘नाही फादर’ म्हण. दोन शब्द आहेत, आणि दुसरा विसरू नकोस. ‘फादर’ म्हणायचंच. तुझा भाऊ तो विसरला.”

मग म्हणाले, इथून पुढे महिन्यातून एकदा ये, आठवड्यातून तीनदा नको. मी म्हटलं, पण मधल्या काळात काही झालं तर? ते म्हणाले, “मधल्या काळात मी झोपणार आहे.”

प्रायश्चित्त दिलं ते असं: बाबांना स्वतःच्या तोंडाने सांग.

मी तशीच घरी आले. बाबा खुर्चीवर. त्यांच्या मांडीवर साच्याचा वरचा तवा होता आणि ते चष्मा कपाळावर चढवून त्यातला कोरलेला क्रूस बघत होते. त्या क्रुसात दर आठवड्याला करपलेला मध काळा होऊन बसायचा आणि मी तो सुईने खरवडून काढायचे. एक कोपरा राहिला होता.

म्हणजे त्यांना आधीच माहीत होतं. आता मला प्रश्न पडला की माहीत असलेल्या माणसाला सांगितलं तर प्रायश्चित्त लागू होतं का. परत जाऊन विचारणार होते, पण महिन्यातून एकदाच यायची ताकीद होती. म्हणून सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाबांनी सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं.

“कधी कळलं तुम्हाला?”

“दुसऱ्याच आठवड्यात. वास येत होता.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोलशील म्हणून थांबलो. दोन नमो मारिया.”

आतून आई म्हणाली, “दोन? पापुद्रा करपून कोळसा झाला तोवर.”

मी विचारलं, आता काय करू ते तुम्ही सांगा. बाबांनी तवा माझ्या हातात दिला. जड आहे रे तो, मी विसरले होते. म्हणाले, “भाजतेस तू. हात तुझा, तोंड तुझं.” मी म्हटलं, “नाही म्हटलं तर पाकिटं येतील. साचा बंद पडेल.” त्यावर त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मला वाटतं, हीच एक गोष्ट त्यांनाही बोलायला जड जाते.

तुझी,
वकीलबाई

ता. क. आईने हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणते, ‘कोळसा’ नाही, ‘राख’ म्हणाले होते. मला ‘कोळसा’ ऐकू आलं. दोन्ही नोंदवते.


रविवार, १६ ऑक्टोबर

प्रिय दादा,

परवा शुक्रवारी जे झालं ते मला अजून नीट जुळवता येत नाही. क्रमाने लिहिते.

सकाळी सव्वासात. मी वेदीची फुलं बदलत होते. घंटीकाका पळत आले. पासष्ट वर्षांचा माणूस पळतो तेव्हा काहीतरी झालेलं असतं. “ताई, मुंग्या!”

वेदीच्या मागच्या भिंतीवरून एक बारीक काळी रेघ खाली उतरत होती, नित्यदीपाच्या साखळीला वळसा घालून थेट पवित्र पेटीत. ज्यात आजाऱ्यांसाठी ख्रिस्तशरीर राखून ठेवतात त्या पेटीत. चाळीस वर्षांत तिथे कधी मुंगी फिरकली नव्हती. पीठ आणि पाण्यात मुंगीला काय मिळणार?

नवे फादर आले. हसतमुख, ओले केस, नेहमीसारखे. “काय झालं काका, आग लागली का?” त्यांनी किल्ली फिरवली, पेटी उघडली, प्याल्यावरचं झाकण उचललं.

दादा, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते खाली बसले नाहीत, पडले. दोन्ही गुडघ्यांवर, दगडी पायरीवर, आवाज झाला एवढ्या जोराने. तोंडातून फक्त “प्रभू, प्रभू” निघत होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ते फादर राहिले नव्हते, कोणाचा तरी धाकटा भाऊ झाले होते. “काय करायचं असतं? शिकलो होतो मी. आठवत नाही. काय करायचं असतं?”

जणू कोणी साचा दाबला. माझ्या तोंडून एका दमात बाहेर पडलं: “ज्या चांगल्या आहेत त्या एकेक करून दुसऱ्या प्याल्यात. ज्यांना मुंग्या लागल्यात त्या स्वच्छ पाण्यात, पूर्ण विरघळेपर्यंत. मग ते पाणी वेदीमागच्या खोलीतल्या कुंडात, कारण त्याची नळी गटाराला नाही, थेट मातीत जाते. आणि खाली पांढरं वस्त्र अंथरायचं, एकही कण पडता कामा नये.”

मी वस्त्र अंथरलं. त्यांनी स्वतः, एकट्याने, सगळं केलं. माझ्या रंगाच्या पेटीतला सर्वांत बारीक ब्रश आणून दिला, त्याने एकेक मुंगी बाजूला केली. पाऊण तास. गुडघे टेकूनच. प्रत्येक कण बोटाच्या टोकाने टिपला आणि पाण्यात सोडला.

मी शेजारी पाण्याचं भांडं धरून उभी होते आणि म्हणाले, “फादर, नुसतं चिन्ह असतं तर तुम्ही फडक्याने झटकून टाकलं असतं.”

हे वरचं वाक्य मी मनात म्हणाले. तोंडाने काहीच म्हणाले नाही. खोडत नाही, पण खरं ते लिहिलं.

थोरल्या फादरांना कळलं तेव्हा म्हणाले, “मुंग्या निदान रांगेत आल्या. आपली माणसं ख्रिस्तशरीर घ्यायला येताना रांग मोडतात.” मग म्हणाले, “पोरगा गुडघ्यावर पडला ना? मग काळजी नाही. डोक्यात काहीही भरलेलं असो, गुडघे कॅथलिक आहेत.”

मला वाटलं, संपलं सगळं. मी काल मध न घालता भाजलं. कोणाला काही न सांगता. आज मिस्सेनंतर फादर पुन्हा हसतमुख. दाराशी मला म्हणाले, “आज मध कमी पडला का गं?”

मी म्हणाले, “हो फादर, कमी होता.”

शून्य हे कमीच असतं. म्हणजे मी खोटं बोलले नाही, आणि म्हणजेच मी पुरतं खोटं बोलले.

त्यावर ते म्हणाले, “तेवीसला मात्र भरपूर घाल. मी आई-वडिलांना सांगून बसलोय, मुलांची पहिली भाकर खास असणार. आणि पेटीसाठी हवाबंद डबा मागवलाय, मुंग्यांचा प्रश्न मिटला.” मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनीही ओळखलं असावं, कारण हसू जरा ओसरलं. हळू आवाजात म्हणाले, “तुला वाटत असेल, शुक्रवारी काय नि आज काय. मी इथे आलो तेव्हा सगळे बाक भरलेले असायचे. आता मी वेदीवरून बघतो ना, तर मला माणसं दिसत नाहीत, मधल्या जागा दिसतात. त्या खांबाजवळची तर रोज दिसते. मला वाटतं, थोडं सोपं केलं, थोडं गोड केलं, तर थांबतील.”

खांबाजवळची, दादा.

तुझी,
वकीलबाई


मंगळवार, १८ ऑक्टोबर

प्रिय दादा,

या पत्रात दुरुस्ती नाही. पुन्हा वाचून बघितलं, खरंच नाही.

काल सकाळी बाबांनी फडताळातून मधाचा डबा काढला. चष्मा लावून त्यावरचं लेबल वरपासून खालपर्यंत वाचलं. मग तो न्याहारीच्या टेबलावर ठेवून आईला म्हणाले, “चांगला आहे. खायला घे.” आईने चमचाभर चाटला आणि म्हणाली, “फादरांची निवड चांगली आहे, जागा चुकली.”

मी म्हटलं, “बाबा, पाकिटं आली तर?”

बाबा साच्याकडे बघत होते. मी मनात दोन नमो मारिया म्हटल्या, मग आणखी दोन. मग ते म्हणाले, “साचा गंजला तर घासता येतो, पोरी.”

बस, एवढंच. पण उठताना त्यांनी डाव्या हाताने उजवा हात धरला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. तिथे तो थरथरला नाही. (थोडा थरथरला. पण थोडाच.)

संध्याकाळी वर्गात दातपडकीने पुन्हा विचारलं, “ताई, सांगितलंत का फादरांना?” मी म्हटलं, “गुरुवारी सांगणार आहे.” तिने वहीच्या मागच्या पानावर तारीख लिहून घेतली आणि खाली माझी सही मागितली. ही मोठेपणी वकील होणार. मी सही केली.

आता मी काय करणार ते तुला सांगते, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

फादरांना वेदीवरून भरपूर बोलता येतं, दाराशी घाईत हसून निसटता येतं. म्हणून त्यांच्या कचेरीत जाईन, वेळ घेऊन. घेतली आहे. मधाचा डबा परत करणार नाही, तो अर्धा आईने संपवला. साध्या भाकरीच्या नऊ चकत्या नेईन, मुलांच्या, आणि त्यांच्या टेबलावर ठेवीन. म्हणेन, “नाही फादर. तेवीसला हीच. फक्त पीठ आणि पाणी. तुम्ही पाकिटं मागवली तर मागवा, बाबांची हरकत नाही, पण माझ्या हातून दुसरं काही भाजलं जाणार नाही. गेल्या रविवारी मध कमी नव्हता, नव्हताच, आणि मी तुम्हाला फसवलं, त्याची क्षमा मागते. आणि मुलांना मी वर्षभर जे शिकवलं ते तुम्ही शुक्रवारी गुडघ्यांवर बसून मला दाखवलंत. तेवीसच्या प्रवचनात तेवढंच सांगा. मुंग्यांचंही सांगितलंत तरी चालेल. त्यासाठी थांबतील लोक.”

हे सगळं मला पाठ आहे. आरशासमोर सहा वेळा म्हटलं. चार वेळा ‘फादर’ विसरले.

कदाचित ते ऐकतील. कदाचित हसतील आणि पाकिटं मागवतील. तसं झालं तर मी रविवारी त्याच बाकावर बसेन, पाकिटातलं ख्रिस्तशरीर घेईन, कारण तोही तोच, पूर्ण, आणि सोमवारी बिशपांच्या कार्यालयात जाऊन ‘खाद्यपदार्थ’ हा शब्द खोडायला लावीन. जाणार कुठे? घर आपलं आहे. बाबांनी सांगितलेलं खरं आहे, हे सांगायला कोणीतरी घरात लागतं ना?

आता तुझ्याविषयी. मी तुला हॉल सोड म्हणत नाही. म्हणते, पण आज नाही. फक्त एवढं कर. फादरांनी ऐकलं तर शनिवारी, बावीस तारखेला, भाजायचं आहे, आणि साच्याचा तवा माझ्या एकटीच्याने दोन किलोपुढे उचलवत नाही. त्या रविवारी आई-वडील, आजी-आजोबा सगळे येणार, पाच किलो तरी लागेल. तुझ्या हाताला अजून सवय असेल. बाबा खुर्चीवर असतील. ते तुझ्याशी काही बोलणार नाहीत, नुसते बघतील, आणि तू साचा दाबलास की सवयीने एखादा प्रश्न विचारतील. उत्तर तुला येतं. लवकर दे म्हणजे झालं.

आईने कालच खांबाजवळच्या जागेवरून पर्स उचलली. विचारलं तर म्हणते, पट्टा तुटलाय.

मावशींना सांग, माळ कपाटावरून खाली काढली आहे. आज रात्री पहिल्यांदा जपणार, धैर्यासाठी. आधी बक्षीस आलं आणि काम मागून होणार, एवढाच फरक.

आणि ते माझं पहिलं पत्र, मान ताठ करून ‘नाही’ म्हणाले ते, फाडू नकोस. जपून ठेव. मान ताठ राहील का ते सांगता येत नाही, पण बाकीचं सगळं खरं होईल. नव्या फादरांच्या कचेरीत, गुरुवारी, वीस ऑक्टोबरला, दुपारी चार वाजता.

तुझी,
वकीलबाई